दाणापाणी

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे निंदेखेरीज सहसा कोणी वापरीत नाहीं. ज्यास घर नाहीं, ठाव नाहीं, जो आज येथें तर उद्यां तेथें, अशा माणसाची ही गत, असा तिचा भावार्थ. परंतु जगांत असाहि एक देश आहे कीं, जेथील सुखवस्तु गृहस्थ जन्मभर नोकरी करून, घराचें कर्ज फेडून आणि मुलें मार्गीं लावून झाल्यावर आपण होऊन विंचवाचें व्रत पत्करतात. मोटारीच्या पाठीमागें एक चाकांवरचें घर जोडावयाचें, त्यांत बिछाना, शेगडी, पाण्याची टांकी व चार पुस्तकें भरावयाचीं, आणि महिनेच्या महिने निर्जन प्रदेशांतून हिंडत राहावयाचें, हा ऑस्ट्रेलियांतील वानप्रस्थाश्रम होय. आपल्या वानप्रस्थानें अग्नि बरोबर न्यावा असें शास्त्र आहे. तिकडचा वानप्रस्थ गॅसची शेगडी नेतो, एवढाच काय तो फरक!

२०२४ च्या मे महिन्याच्या सुटींत अशाच एका फिरत्या घराबरोबर ॲडलेड शहरापासून त्या खंडाच्या मध्यभागीं वसलेल्या ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत जाण्याचा योग आम्हांस आला. मंडळी पांच. आम्ही व आमचें कुटुंब. आमचे एक वकील मित्र व त्यांच्या पत्नी. आणि ज्यांचें तें घर ते आमचे ॲडलेडचे मित्र. हे गृहस्थ पुण्यास कॉलेजांत आमचे सहाध्यायी. १९९३ सालीं इंजिनियर म्हणून तिकडे गेले ते तिकडचेच झाले. २०२१ सालीं त्यांनीं व वहिनींनीं मोठ्या हौसेनें ही कॅरव्हॅन विकत घेतली, आणि २०२२ सालीं वहिनी गेल्या. त्यानंतर दोन वर्षें ती गाडी घराच्या आवारांत आच्छादनाखालीं उभी होती. शेवटीं दीर्घ नोकरीबद्दल तिकडे मिळते ती लांब रजा घेऊन त्यांनीं आम्हां दोघां मित्रांस लिहिलें, ‘गाडी विकण्यापूर्वीं एकदां तरी चालवावी म्हणतों. तुम्ही येत असाल तर.’ आणि खालीं, जणूं सहज सुचली म्हणून, आणखी एक ओळ होती: ‘घरहि विकून पुण्यास परत यावें कीं काय, हेंहि तुम्हांला विचारावयाचें आहे.’

गाडीचें दार उघडलें तेव्हां आंत नव्या लाकडाचा वास अद्याप कोंडलेला होता. ओट्यावरच्या कपाटांत डब्यांची एक रांग होती व प्रत्येक डब्यावर वहिनींच्या वळणदार अक्षरांत एकेक चिठी चिकटविलेली होती: गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे जाड, पोहे पातळ. डबे मात्र सगळे रिकामे! आमच्या बरोबरच्या दोघी स्त्रियांनीं याविषयीं एक शब्दहि काढला नाहीं. त्या दुपारीं त्या ॲडलेडच्या देशी दुकानांत गेल्या, आणि चिठीवर जें लिहिलें होतें तेंच त्या त्या डब्यांत भरून आल्या. यजमान स्वतः त्या गाडींत एकहि रात्र निजले नाहींत. तिकडे स्वॅग म्हणून मेणकापडाची एक वळकटी मिळते. ती बाहेर उघड्यावर पसरून ते तींत निजत. थंडी पडते म्हणून आम्हीं आग्रह केला, तेव्हां ते म्हणाले, “आंतली जागा तुमची. मला आकाश पाहावयाची सवय आहे.” ही सवय केव्हांपासूनची, हें आम्हीं विचारलें नाहीं.

या प्रवासांत पहिला धडा मिळतो तो पाण्याचा. शहरांतल्या माणसास पाणी म्हणजे नळ. येथें पाणी म्हणजे वजन. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि दोनशें लिटर म्हणजे गाडीच्या आंसावर दोन क्विंटलांचा भार. कमी घ्यावें तर तहानेची धास्ती. जास्त घ्यावें तर टायरांची धास्ती. यजमान इंजिनियर असल्यामुळें त्यांनीं सर्वांचा हिशेब बांधून दिला: पिण्यास इतकें, स्वयंपाकास इतकें, भांड्यांस इतकें. आंघोळीचा रकाना त्यांनीं कोराच ठेविला होता. आमच्या वकीलमित्रांनीं या निवाड्यावर अपील केलें. तें तिसऱ्या दिवशीं अंशतः मंजूर झालें.

ॲडलेडहून उत्तरेस सुमारें सातशें किलोमीटर गेल्यावर मॅरी नांवाचें एक लहानसें गांव लागतें. तेथून ऊडनाडॅटाची म्हणून प्रसिद्ध असलेली कच्ची वाट वायव्येस जाते. पाऊस पडला कीं ती बंद. एरव्हीं तांबडी, खडबडीत, आणि पत्र्याच्या पन्हळीसारखी लाटालाटांची. टायरांतील हवा कमी करून सावकाश जावें लागतें, तरी कपाटांतल्या बशा दिवसभर एकमेकींशीं भांडत असतात, आणि संध्याकाळीं पाहावें तों बंद खणांतहि कुंकवासारखी धूळ बसलेली! दोन्ही बाजूंस क्षितिजापर्यंत झाड म्हणून नाहीं. तास तास मनुष्य दिसत नाहीं. आणि जो समोरून मोटारींतून येतो तो चक्रावरचें एक बोट उचलून अनोळखी माणसास रामराम केल्याखेरीज पुढें जात नाहीं. जेथें माणसें दाट असतात तेथें त्यांचें मोल उतरतें, व जेथें विरळ असतात तेथें चढतें, हा अर्थशास्त्राचा नियम इतका स्पष्ट आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं.

या प्रदेशास आम्हीं पहिल्या दिवशीं ‘ओसाड’ म्हटलें. दुसऱ्या दिवशीं तो शब्द तोंडांतून निघेना. कारण असें कीं, ही वाट अशी वेडीवांकडी कां जाते, याचा विचार करूं लागतांच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. ती मनुष्यानें आंखलेली नाहीं. पाण्यानें आंखलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पोटांत सुमारें सतरा लक्ष चौरस किलोमीटर पसरलेला एक जलसांठा आहे. दूर ईशान्येकडील डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांत मुरून जमिनीखालून अत्यंत मंद गतीनें इकडे येतो, आणि लाखों वर्षांचा प्रवास करून या वाळवंटाच्या कडेस झऱ्यांच्या रूपानें वर येतो. पाण्यांतील क्षार सांचून सांचून प्रत्येक झऱ्याभोवतीं वारुळासारखा उंचवटा झालेला असतो. या झऱ्यांच्या माळेवरून अरबाना वगैरे मूळच्या लोकांच्या वाटा हजारों वर्षें चालत होत्या. प्रत्येक झऱ्यास नांव होतें, कथा होती, तिचे धनी होते. १८६२ सालीं जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट हा संशोधक दक्षिणेहून उत्तरेच्या समुद्रापर्यंत पोंचला तो याच झऱ्यांच्या आधारानें. दहा वर्षांनीं, १८७२ सालीं, तारायंत्राची तार पुरी झाली ती त्याच्याच मार्गानें. तिच्या मागून आगगाडी आली ती तारेच्या कडेनें. आणि आज आमची मोटार चालली होती ती त्या मोडक्या रुळांच्या कडेनें. एका झऱ्याच्या कांठीं आम्हीं उतरलों. निळसर पाण्याच्या तळाशीं वाळू उकळत्या आधणासारखी वर येत होती, व पुन्हां खालीं बसत होती. जें पाणी मनुष्यजात जन्मास येण्याच्या आधीं पावसाच्या रूपानें पडलें असेल, त्याच्या कांठीं उभें राहून ‘येथें कांहीं नाहीं’ असें म्हणणें हें धाडसाचें काम आहे!

मॅरीच्या इतिहासांत आपला एक धागा गुंतलेला आहे, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. या वाळवंटांत घोडे व बैल टिकत नाहींत असें दिसून आल्यावर उंट आणण्याची युक्ति निघाली. १८६० च्या सफरीसाठीं पहिला मोठा तांडा नेण्यांत आला. पुढें १८६६ सालीं टॉमस एल्डर या धनाढ्य गृहस्थानें शंभरांहून अधिक उंट व त्यांचे हांकणारे पोर्ट ऑगस्टा बंदरांत उतरविले. हे उंट कराचीहून गेले. आणि कराची त्या वेळीं आपल्या मुंबई इलाख्यांत होती. उंटवाले बलुची, सिंधी, पंजाबी, पेशावरी, अफगाण असे नाना प्रांतांचे. परंतु तिकडे सर्वांस ‘अफगाण’ हें एकच नांव पडलें, व त्याचाहि पुढें ‘घान’ असा संक्षेप झाला. आगगाडीस आज तेंच नांव आहे. तारेचे खांब, रुळांचे तुकडे, पिठाचीं पोतीं, लोंकरीचे गठ्ठे, सर्व कांहीं या लोकांनीं उंटांच्या पाठीवरून नेलें. मॅरी हें त्यांचें मोठें ठाणें. गांवाच्या मधून लोहमार्ग जाई. त्याच्या एका बाजूस गोरे, व दुसऱ्या बाजूस उंटवाले आणि मूळनिवासी. स्मशानहि याच हिशेबानें विभागलेलें आहे. मृत्यु सर्वांस सारखें लेखतो असें कवि म्हणतात. मॅरीच्या स्मशानांत त्यासहि आपली रीत बदलावी लागली.

ज्या रुळांसाठीं या उंटांनीं सामान वाहिलें ते १९२९ सालीं ॲलिस स्प्रिंग्जला पोंचले, आणि मोटारी तर त्यापूर्वींच आल्या होत्या. उंट निरुपयोगी झाले. १९२५ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांत भटके उंट मारण्याचा कायदा झाला, तेव्हां कित्येकांनीं गोळी घालण्याऐवजीं आपलीं जनावरें रानांत सोडून दिलीं. त्यांचीच प्रजा आज त्या वाळवंटांत मोकळी फिरते. माणसांची स्थिति याहून अवघड होती. १९०१ च्या कायद्यानें परदेशी मनुष्यास कोणत्याहि युरोपीय भाषेंत श्रुतलेखन घालण्याचा अधिकार अंमलदारास मिळाला. आम्हीं तीस वर्षें परीक्षा घेत आलों. परंतु विद्यार्थ्यास कोणत्या भाषेंत खात्रीनें नापास करतां येईल हें पाहून भाषा निवडावयाची, अशी परीक्षा आमच्या पाहण्यांत नव्हती! जो उंटवाला घरच्या माणसांस भेटावयास हिंदुस्थानांत जाई, त्यास परत येतां यावें म्हणून आधीं सूट घ्यावी लागे. त्या दाखल्यावर त्याचा फोटो असे आणि हाताच्या पंजाचा ठसा असे.

हें सर्व वकीलमित्र स्मशानांत उभे राहून सांगत होते. आमचे यजमान एका थडग्यापाशीं थांबले होते. ते म्हणाले, “ह्यांतल्या प्रत्येकानें कधीं ना कधीं म्हटलें असेल, पुढच्या वर्षीं परत जाऊं.”

“गेलेहि असतील पुष्कळ,” वकील म्हणाले.

“जे गेले ते येथें नाहींत,” यजमान म्हणाले, व मोटारीकडे वळले.

त्यानंतरचा मुक्काम कॉवर्ड स्प्रिंग्ज येथें झाला. एके काळीं येथें आगगाडीचें स्टेशन होतें. आतां उरले आहेत ते कोमट पाण्याचा एक डोह आणि शंभर वर्षांहून जुनीं खजुराचीं झाडें. एवढ्या उघड्या माळावर तीं हिरवीं झांवळें पाहून डोळ्यांस इतकें बरें वाटलें कीं, वकीलीणबाईंनीं त्यांच्या बुंध्याशीं पिण्याच्या हिशेबांतलें तांब्याभर पाणी नेऊन घातलें. त्या रात्रीं जेवणास मेतकूटभात होता. जेवणानंतर शेकोटी पेटवून सर्वजण आकाशाखालीं बसलों. पुण्याहून त्रिशंकु पाहावयाचा म्हणजे उन्हाळ्यांत दक्षिण क्षितिजाशीं, घरांच्या छपरांवरून मान उंच करून पाहावा लागतो; येथें तो माथ्याकडे चढलेला. उलट ध्रुवाचा पत्ताच नाहीं. ज्याच्या भरंवशावर आपल्याकडे नवरानवरीस अढळ राहण्यास सांगतात, तो तारा या देशास माहीतच नाहीं! येथील अनेक मूळ समाज केवळ ताऱ्यांच्याच आकृति जोडीत नाहींत. आकाशगंगेंतील काळोखाचे पट्टे जोडून त्यांत इमू पक्षी पाहतात. त्यांस अंधारहि रिकामा वाटत नाहीं.

यजमानांनीं वर बोट केलें. “तो मी,” ते म्हणाले. “एकानें वर पाठविला, दुसऱ्यानें खालीं ढकलला.”

मग ज्यासाठीं आम्हांस बोलाविलें होतें तो प्रश्न त्यांनीं मांडला. वकिलांचें मत तयारच होतें. “परत ये. म्हातारपण आपल्या माणसांत जावें. आजारी पडलास तर येथें तुझ्यापाशीं मराठींत बोलावयास कोणी नाहीं.” हा मुद्दा लहान नव्हे. मनुष्य दुखण्यांत कण्हतो तो मातृभाषेंत. आम्हींहि त्यांसच दुजोरा देण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत आमचें कुटुंब म्हणालें, “भावोजी, पुण्यांत तुमची वाट कोण पाहतें?”

बराच वेळ शेकोटींतील लांकडें तेवढीं बोलत होतीं. मग ते सांगूं लागले. वाडा २००९ सालीं पाडला. त्या जागीं सहा मजले आहेत. चौकांतला आड बुजवला. लहानपणीं त्या आडाचें पाणी किती खोल गेलें यावरून आजी पावसाचा अंदाज सांगत असे. “आतां तेथें गेलों तर मला रस्ता विचारावा लागतो. आणि येथें,” ते म्हणाले, “टांकींत आज सकाळीं किती पाणी होतें तें मी न पाहतां सांगतों.” मुलगी ॲडलेडासच असते. तिला देवनागरी वाचतां येत नाहीं. परंतु गाडी विकावयाची झाली तर डब्यांवरच्या चिठ्या काढूं नका, असें तिनें वडिलांस बजावलें होतें. “वाचतां येत नाहींत, मग ठेवून काय करणार, म्हणून मीं विचारलें,” ते म्हणाले. “ती म्हणाली, ‘आईचें अक्षर ओळखतें मी.’” यावर वकील कांहीं बोलले नाहींत, बाईंनीं शेकोटींत आणखी एक ओंडका घातला.

आम्हांस त्या रात्रीं आपल्या भाषेंतील एक जुना शब्द नव्यानें कळला. मनुष्य अमुक ठिकाणीं कां राहिला असें विचारलें असतां आपल्याकडची वडील मंडळी उत्तर देत, ‘त्याचें दाणापाणी तेथें होतें.’ आम्ही या शब्दास दैववादाचा मासला समजत असूं. परंतु ‘माझी भूमि कोणती?’ या प्रश्नास वंश, जन्म, दाखले आणि ठसे यांनीं जें उत्तर मिळतें त्यापेक्षां हें उत्तर अधिक शहाणपणाचें आहे. माती वारशानें मिळते. पाणी मात्र प्रत्येकास स्वतः शिकावें लागतें. तें कोठें आहे, केव्हां आटतें, कोणास विचारून घ्यावें, हें ज्यास कळलें तो तेथला झाला. अरबाना लोकांस तें हजारों वर्षें ठाऊक होतें. म्हणून २०१२ सालीं न्यायालयानें त्यांचा या भूमीवरील हक्क मान्य केला, तेव्हां त्यानें नवें असें कांहीं दिलें नाहीं, होतें तें ओळखलें. उंटवाल्यांनीं तें कष्टानें शिकून घेतलें. आणि ज्यांनीं शिकण्याचा त्रास न घेतां जागोजाग विंधणविहिरी खोदून पाणी मोकाट वाहूं दिलें, त्यांच्या करणीनें कित्येक झऱ्यांचा जोर ओसरला. त्या विहिरींस बुचें मारण्याचें काम सरकारास पुढें वर्षानुवर्षें करावें लागलें. तेथें जन्मणें आणि तेथलें असणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

पुढचा प्रवास थोडक्यांत सांगतों. विल्यम क्रीक हें वस्तीच्या दृष्टीनें आपल्या एखाद्या एकत्र कुटुंबाएवढें गांव. त्याच्या सभोंवार ॲना क्रीक नांवाचा गुरांचा मळा, ज्याचें क्षेत्र सबंध पुणें जिल्ह्याएवढें. नंतर कूबर पीडी. तेथें १९१५ सालीं ओपल रत्नें सांपडलीं, व उन्हाळ्याच्या भयानें माणसें जमिनीखालीं घरें कोरून राहूं लागलीं. तेथून डांबरी राजमार्ग. त्यावर पन्नास पन्नास मीटर लांबीच्या मालमोटारी शेजारून गेल्या म्हणजे आमचें फिरतें घर पाळण्यासारखें हलत असे. सातशें किलोमीटरांनीं ॲलिस स्प्रिंग्ज.

तेथील जुनें तारऑफिस आम्हीं पाहिलें. १८७२ नंतर ॲडलेडचा निरोप या दगडी खोल्यांतून उत्तरेस, समुद्राखालून जावा बेटास, तेथून सिंगापूर, मद्रास, मुंबई करीत लंडनास जाई. परंतु मनांत राहिलें तें दुसरेंच कांहीं. गांवाच्या पश्चिमेस जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाची समाधि आहे. या ओसाडींत आजारी पडणाऱ्यांसाठीं विमानांतून डॉक्टर पाठविण्याची सेवा त्यांनीं १९२८ सालीं सुरू केली. तिनें किती जीव वांचविले असतील! १९५१ सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्या समाधीवर ठेवण्यास सुमारें चारशें किलोमीटर उत्तरेकडील कार्लू कार्लू येथून एक प्रचंड गोल शिळा आणली गेली. भाव आदराचा होता. परंतु ती शिळा तेथील लोकांच्या पवित्र स्थानांतील होती, आणि तिची अनुमति कोणी घेतली नव्हती. ते लोक चाळीसांहून अधिक वर्षें तिची आठवण विसरले नाहींत. अखेर १९९९ सालीं ती जागच्या जागीं परत नेली गेली. आणि समाधि उघडी पडूं नये म्हणून ॲलिसच्या अरेन्टे लोकांनीं आपल्या भूमींतली दुसरी शिळा दिली.

“बघ,” वकील यजमानांस म्हणाले, “दगडसुद्धां परत गेला.”

यजमान त्या दुसऱ्या शिळेवर हात ठेवून उभे होते. “त्या दगडाची तेथें कोणीतरी वाट पाहत होतें,” ते म्हणाले. थोड्या वेळानें त्यांनीं आणखी विचारलें, “आणि हा? ह्याला आतां येथला म्हणावयाचा कीं नाहीं? तो दिलेला आहे, उचललेला नाहीं.” यावर वकिलांपाशीं कायदा नव्हता, आणि आमच्यापाशीं साहित्य नव्हतें.

परतीच्या वाटेवर त्या विषयाची पुन्हां चर्चा झाली नाहीं. ॲडलेडास पोंचल्यावर मुलगी आली. तिनें कपाट उघडून डबे पाहिले, एकेक उघडून वास घेतला, आणि कोणत्या डब्यांत काय हें चिठी न वाचतां बरोबर सांगितलें. मेतकुटाचा मात्र रिकामा होता. त्याची कृति तिनें आमच्या कुटुंबास विचारून घेतली आणि इंग्रजी अक्षरांत लिहून ठेविली.

यास आतां बराच काळ लोटला. मित्रानें घर विकलें नाहीं. गाडीहि विकली नाहीं. मध्यंतरीं ते पुण्यास येऊन गेले. एक महिनाभर राहिले, सर्वांस भेटले, आणि वाड्याच्या जागेवरून दोनदां चालत गेले. सामान उतरवून घेतांना त्यांचें तिकीट आम्हीं पाहिलें. तें जाण्या-येण्याचें होतें. त्यांतलें जाणें कोणतें व येणें कोणतें, हें आम्हीं त्यांस विचारलें नाहीं.